झालं काय जी?

"माणूस उभा केल्याबिगर डोंगर केवढा हाये, ते लोकायले कसं समजन?" असं म्हणत भाऊ कॅमेऱ्यामागे एक डोळा मिटायचे आणि हाताच्या खुणेने बायकोला आणखी पुढे सरकवायचे. पुढे दरी!

राजापेठेत त्यांचा स्टुडिओ आमच्या घराखालीच होता. लग्न-बारशाचे फोटो ते पोटासाठी काढत. मन सगळं चिखलदऱ्यात. लोकांनी तो डोंगर पाहायला यावं, हे एकच वेड. त्यांचे फोटो तुम्हीही पाहिले असतील, एखाद्या जुन्या कॅलेंडरवर नाहीतर लॉजच्या भिंतीवर. दरी, धुकं आणि कड्यावर लाल पातळातली पाठमोरी बाई. त्या वहिनी.

पुढे त्यांनी चिखलदऱ्यावर छोटी फिल्म केली, टॉकीजमध्ये सिनेमाच्या आधी दाखवायला. निवेदनाला आवाज माझा, म्हणून मीही सोबत गेले होते.

"तिकडे पाह्य वो, माह्याकडे नोको पाहू!" भाऊ ओरडायचे. वहिनी निमूट दरीकडे बघत राहायच्या. जरा वेळाने "झालं काय जी?" म्हणत वळायच्या, आणि नेमका तेव्हाच भाऊ कॅमेरा बंद करायचे. चेहरा दिसला की लोक डोंगर सोडून चेहराच पाहतात, हे त्यांचं शास्त्र.

मी चिडवलं, "भाऊ, वहिनींचा एखादा फोटो समोरून काढा की."

"घरचीच तं हाये, बाई. काढू कवाबी."

वहिनी गेल्या तेव्हा भिंतीवर लावायला फोटो सापडेना. शेवटी मतदार ओळखपत्रावरचा मोठा करून आणला. फोटोवाल्याच्या घरात तो धुरकट चेहरा बघून मला हसू आलं आणि लगेच रडू. भाऊ नुसतं म्हणाले, "हे नोहे, बाई. माह्याकडे असं पाहेच नाही ते."

नंतर त्यांनी डोंगराचा फोटो काढला नाही. दुपारी स्टुडिओचं दार लोटून तीच फिल्म लावून बसत. एकदा मीही बसले. पडद्यावर देवी पॉइंटचा कडा आला तसे ते पुढे वाकले. लाल पदर हलला, वहिनींची मान किंचित वळली, कानातलं चमकलं आणि दृश्य बदललं.

"थोडंसं अजून चालू द्याले पाह्यजे होतं मी," म्हणाले, आणि रीळ पुन्हा लावलं.

आता भाऊही नाहीत. ती फिल्म कुणीतरी मोबाइलवर आणली, माझ्याकडेही आहे. माझाच तरुण आवाज दरीची खोली सांगत असतो. मी तो ऐकतही नाही. वहिनींची मान वळू लागते आणि दर वेळी माझ्या तोंडून निघतं, "भाऊ, थांबा हो. बंद नका करू."