कोपर वर, पंजा सैल

पोहता येत असून पाण्याची भीती वाटणं फार वाईट. न येणारीला निदान काठावर बसता येतं. मला पोहण्याच्या बॅचमधल्या सगळ्या म्हणायच्या, "तुमचं काय बाई, तुम्ही विहिरीतल्या!" मी आपली हसायची आणि कठडा घट्ट धरायची.

विहिरीतली होते हे खरंच. चाळीसगावजवळच्या आमच्या मळ्यात आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाठीला रिकामा डबा बांधून मला पाण्यात ढकललं होतं. विहिरीत विरुळे असायचे, पाण्यातले साप. विषारी नसतात म्हणे, पण पायाला गार काही लागलं की जीव अर्धा व्हायचा. आबा पायरीवरून ओरडायचे, "हात आपट वं माय, हात आपट! बठ्ठा पयी जातीन!" म्हणून डोकं वर ठेवायचं, हात खांद्यापासून ताठ फेकायचा आणि धपकन पाण्यावर आपटायचा. आबा म्हणायचे तसे साप सगळे पळायचेही. ती सवय अंगात इतकी मुरली की पोहायची दुसरी काही तऱ्हा असते हे ठाऊकच नव्हतं.

मग एकदा धुळ्याच्या स्टँडवर एसटीत चढताना मी दांडी धरली, गाडीने हिसका दिला आणि माझा उजवा खांदा निखळला. दवाखान्यात तो बसवताना मी जी किंकाळी फोडली, ती बाहेरच्या रिक्षावाल्यांनीही ऐकली असेल. पुढे डॉक्टर म्हणाले, "पोहा, हरकत नाही. पण हात असा ताठ फेकू नका. पुन्हा निखळला तर ऑपरेशन, आणि पोहणं कायमचं विसरा." संसारात माझं एकटीचं म्हणावं असं तेवढंच होतं. ते गेलं तर काय करू? आणि ऑपरेशन राहू द्या हो, पाय टेकत नाहीत तिथे निखळला तर?

जळगावच्या पोहण्याच्या टँकवर सकाळी बायकांची बॅच असते. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची, पण सगळ्या तिला मॅडमच म्हणतात. तिने माझे हात पाहिले आणि कपाळावर हात मारला. "काकू, कुणाला मारताय? हात पाण्यातून बाहेर काढून पुढे नेताना त्याला आराम द्यायचा असतो. पँटच्या खिशातून हात काढताना कसं, कोपर आधी वर येतं ना? तस्संच. कोपर वर, पंजा सैल, बोटं पाण्याला लागली तरी चालतील. आणि तोंड पाण्यात."

"मग पुढचं दिसणार कसं?"

"काय बघायचंय पुढे?"

आता तिला काय सांगू! टँकमध्ये साप नाहीत, हे मला कळत नव्हतं का? डोक्याला कळत होतं, हाताला नाही. तोंड पाण्यात घातलं की मान आपोआप वर यायची, हात ताठ व्हायचा, खांद्यात कळ यायची आणि मी उथळ बाजूला कठडा धरून धापा टाकायची. घरी भाकरी थापतानासुद्धा उजवा हात जपून चालायचा. हे म्हणायचे, "कशाला तो उपद्व्याप?" मी उलट चिडायची, कारण मनातून मलाही तेच वाटत होतं.

बरेच दिवस उथळ बाजूलाच कोपर वर, पंजा सैल केलं. मग एका सकाळी मॅडम म्हणाल्या, "आज पूर्ण टँक. खोल बाजूच्या भिंतीपर्यंत." नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून निघाले.

अर्ध्यापर्यंत बरं गेलं. मग खालची फरशी अचानक उतरत गेली, निळं गडद झालं आणि इथे पाय टेकणार नाहीत हे कळलं. झालं! हात ताठ होऊन वर गेला आणि खांद्यात कट् झालं. हात वरच अडकला. आई गं! पुढे जाईना, खाली येईना. आता निखळतोय, आता मी बुडतेय. सगळं अंग ओरडत होतं, डोकं वर काढ, आपट, आपट. आपटला असता तर तिथेच संपलं होतं.

मी काहीच केलं नाही. म्हणजे हात सोडून दिला. माझा नव्हेच असा सोडला. कोपर जरा वाकलं, पंजा लोंबला, बोटं पाण्याला घासत पुढे गेली आणि खांदा आत गप्प बसला. पुढचा हातही तसाच नेला. त्याच्या पुढचाही. भीती मुळीच कमी झाली नव्हती, पण हात सैल होते. डोक्याला भिंत लागली तेव्हा कळलं, पोहोचले.

कठडा धरून वर पाहिलं तर मॅडम अगदी माझ्या डोक्यावर, काठावर गुडघे टेकून बसलेल्या. हातात लांब बांबू, त्याचं टोक पाण्यावर माझ्या शेजारीच. चेहरा पांढराफटक. टँकच्या मध्यापासून ती पोर काठाने माझ्याबरोबर चालत आली होती आणि मला पत्ता नव्हता.

"हात अडकलेला दिसला मला," ती म्हणाली.

"मग हाक नाही मारायची?"

"मारली असती तर तुम्ही डोकं वर काढलं असतं, काकू." आणि ती रडायलाच लागली.

मी डाव्या हाताने तिचा गुडघा धरला. मग नाक पुसत ती म्हणाली, "परत जायचं का पोहत?"

"आज नको गं बाई," मी म्हटलं. "आज तू फार घाबरलीस."