आजीजवळ द्या फोन

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गोधडी पिळली. मोठी गोधडी, ओली झाली की एकट्याला उचलत नाही अशी. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. मी ज्या अंगाला पीळ देतो त्याच अंगाला ती पण फिरवायची, म्हणजे गोधडी नुसती गरगर फिरायची, पाणी काही निघायचं नाही. जन्मभर हेच. मी म्हटलं, "उलटी फिरव ना वो." ती म्हणाली, "तुमीच फिरवा उलटी. मीच काहून?" मग मीच फिरवली. पाणी निघालं. गोधडी दोरीवर टाकली आणि ती ओट्यावर बसली, पाय लांब करून. हे सकाळी दहाच्या सुमाराचं. दुपारी जेवली नाही. छातीत भरून आल्यासारखं होऊन राहिलं म्हणाली. ऑटोवाल्याला आवाज दिला, तो गावातच होता, पण ऑटो दारात लागेपर्यंत... झालं होतं. दिवस मावळायचा होता अजून.

तिचं नाव कौसल्या, माझी बायको. सव्वा महिना झाला. लोक विचारतात, बाबा, रडले का? नाही रडलो. हातावर झोपून उठलं की हात आपला वाटत नाही, तसं सगळ्या अंगाचं झालं आहे. विहारात शोकसभा ठेवली होती, तिथं बोलायला उठलो आणि नुसता उभा राहून खाली बसलो. तेव्हा एक मास्तर म्हणाले, तुम्ही लिहून द्या, पेपरच्या पुरवणीत देऊ. मी चौथी शिकलेला माणूस. जसं बोलतो तसंच लिहून राहिलो. तिच्याबद्दल चांगलं चांगलं बाकीचे बोलले. मी फक्त तिच्या गोळ्यांचं आणि फोनचं लिहितो, कारण ते माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही, आणि त्यात चूक माझी आहे.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या अंगाला. हा सगळा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि आम्ही तेच पिऊन म्हातारे झालो. मी जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचो. ती लोकांच्या वावरात निंदायला, वेचायला जायची. कापसाचं वाईट झालं तशी जिनिंग आधी सहा महिने चालायची ती तीन महिन्यांवर आली, मग एका वर्षी फाटक उघडलंच नाही. ती वर्षं अशी होती की गावात कोणी "अमक्यानं औषध घेतलं" म्हटलं की बायका चूल सोडून पळत सुटायच्या. औषध म्हणजे फवारणीचं, दुसरं काही कोणाच्या डोक्यात यायचंच नाही. अशा दिवसांत एका म्हातारीचं बीपी वाढलं आहे, ही काय सांगायची गोष्ट होती का?

पण वाढलं होतं. शिबिरात एका डॉक्टरनं पाहिलं आणि रोज गोळी लागेल, जन्मभर, असं सांगितलं. चिठ्ठीतली गोळी दर्यापुरात कधी मिळायची, कधी नाही. नसली की मेडिकलवाला "हीच समजा" म्हणून दुसरीच द्यायचा. नाही तर अमरावती. दोन एसट्या बदलायच्या, दोघांचा पूर्ण दिवस जायचा, दिवसाची मजुरी बुडायची. म्हणून ती एक दिवस गोळी घ्यायची आणि एक दिवस नाही घ्यायची. मला वाटायचं, हुशार आहे, पुरवून खाते. भाजीला तेल पुरवून वापरतात तसंच मी ते धरलं.

पुढं अमरावतीच्या एका धर्मादाय दवाखान्यानं आमच्या भागातल्या काही गावांसाठी सोय केली. डॉक्टरला सहा महिन्यांतून एकदा दाखवायचं. मधल्या महिन्यांची औषधं नावाचं पुडकं करून सकाळच्या एसटीत कंडक्टरजवळ यायची, ती गावातली आशा वर्कर उतरवून घ्यायची आणि घरोघर द्यायची. पुडकं आलं की त्याच दिवशी दवाखान्याच्या औषध खोलीतून फोन. फोनवर रुबिना नावाची मुलगी असायची. ती औषधांचंच शिकलेली. कोणती गोळी कधी, किती उरल्या, काही त्रास आहे का, हे सगळं विचारायची. पावसाळ्यात पूर्णेला पूर आला की आमची एसटी बंद पडते, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण पहिल्याच पावसाळ्यात पुडकं चार दिवस अडकलं आणि तेव्हापासून ती जूनमध्येच दोन महिन्यांचं एकदम पाठवायची. त्या गोळ्यांचा एक दिवस खाडा झाला नाही मग. ती सोय नसती तर कौसल्या तेव्हाच गेली असती. मी स्पष्टच सांगतो.

आता माझं ऐका. मोबाईल माझा. फोन मी उचलायचो. रुबिना विचारायची, "बाबा, आजीची तब्येत कशी?" मी म्हणायचो, "बरी हाय." ती विचारायची, "चक्कर वगैरे येते का?" मी म्हणायचो, "नाई." कौसल्या तिथंच समोर तांदूळ निवडत बसलेली असायची. मी तिच्याकडे पाहायचो पण नाही. नवऱ्यानं बोलावं, बाई माणसानं परक्याशी फोनवर काय बोलायचं, असं आमच्यात चालतच आलेलं. रुबिना दर महिन्याला आणखी एक विचारायची, "दुसरं कोणतं औषध घेते का आजी?" आणि मी दर महिन्याला सांगायचो, "कोणतंच नाई."

खोटं बोलत नव्हतो. मला तसंच वाटायचं. कौसल्याचे गुडघे धरले होते, निंदणात दिवसभर उकिडवं बसून. किराणा दुकानात दुखण्याची पिवळी गोळी मिळायची. दुकानदार पाकीट कैचीनं कापून दोन-दोन गोळ्या पेपरच्या कागदात द्यायचा. बिस्कीट आणि बिडीच्या शेजारी तो डबा. मी बिडीचा बंडल घ्यायचो तेव्हा तिच्या दोन गोळ्या आणायचो. तिला सांगावं लागायचं नाही, आपल्याच मनानं आणायचो. दहा-बारा वर्षं आणल्या. आता दुकानातली बिडीजवळची गोळी ही औषध कशी होईल? औषध दवाखान्यातलं असतं.

असं एक वर्ष गेलं. रुबिना म्हणायची, गोळ्या बरोबर संपून राहिल्या पण बीपी उतरून नाही राहिलं, पायाला सूज आहे असं आशाताई सांगते. एका महिन्यात ती वैतागलीच. म्हणाली, "बाबा, गोळ्या तुमी खाता का आजी खाते?"

"ते खाते."

"मग तुमचंच काय ऐकू मी? आजीजवळ द्या फोन."

मला राग आला. पोरगी माझ्या पोरींपेक्षा लहान. मी म्हटलं, "तिले नाई समजत बोलणं." तर ती म्हणते, "मले समजते न ऐकणं. द्या तुमी."

दिला. कौसल्यानं फोन पाण्याच्या गिलासासारखा तोंडासमोर धरला. मी बटण दाबून आवाज मोठा केला. आधी नुसतं हां, हां चाललं. मग रुबिनानं विचारलं, गुडघे दुखतात का, आणि कौसल्या म्हणाली, "दुखते ना माय. पण गोळी घेतो मी. सकाळी एक, संध्याकाळी एक. निंदणाच्या दिवसात तीन."

"कोणती गोळी, आजी?"

"पिवळी. हे आणून देतेत दुकानातून."

मग रुबिनानं हळूच विचारलं, "किती वर्षांपासून?"

"मोठ्या पोट्टीले पोरगी झाली तवापासून."

"बाबा तर सांगत होते, तुमी दुसरं काहीच घेत नाई म्हणून."

"मंग त्यायनं मले इचारलंच कुठी?"

रागानं नाही म्हणाली. आज भाजी कोणती केली ते सांगावं तसं म्हणाली आणि तांदळातला खडा उचलून बाजूला टाकला.

त्या दिवशी ती अर्धा तास बोलली. वावरात आडोसा नसतो म्हणून दिवसभर पाणीच पीत नव्हती, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. सकाळी उठलं की जमीन हलते, हे ऐकलं. चाळीस वर्षं एका खोलीत राहिलो आणि हे मला अमरावतीच्या मुलीच्या फोनमधून समजलं. रुबिनानं त्याच आठवड्यात अमरावतीला बोलावलं. रक्त तपासलं. दोन्ही किडन्यांचा मिळून जेमतेम तिसरा हिस्सा काम करत होता. डॉक्टर म्हणाले, बीपी आहे, पाणी तसं आहे, आणि वरून ह्या दुखण्याच्या गोळ्या. कशानं किती बिघडलं ते वेगळं करून सांगता येत नाही म्हणाले. मी औषध खोलीच्या खिडकीशी जाऊन रुबिनाला विचारलं. चष्मेवाली, एवढीशी मुलगी. "ताई, एक वर्ष आधी समजलं असतं तर?" ती खोटं बोलली नाही. "फरक पडला असता, बाबा," म्हणाली. मग म्हणाली, "पण मीच पहिल्या दिवशी आजीले मागायला पाहिजे होतं. तुमच्याच भरवशावर राहिली मी." तेव्हापासून ती ज्याचं पुडकं त्याच्याशीच बोलायची, तो फोनवर आल्याशिवाय पुढचं पुडकं निघत नव्हतं. आशाताई सांगायची, पलीकडच्या गावात एका सासूनं त्यावरून मोठं भांडण केलं.

पिवळी गोळी बंद झाली. गुडघ्याला शेक, तेल, आणि फारच झालं तर दवाखान्याची वेगळी गोळी, मोजून. बीपी उतरलं. त्यानंतर ती सहा वर्षं जगली. डॉक्टर पण म्हणायचे, बाई टिकली. फोनच्या दिवशी मला बाहेर बसावं लागायचं. आतून हसण्याचा आवाज यायचा. एकदा विचारलं, काय एवढं बोलत होती? तर म्हणे, "तुमच्या चुगल्या करून राहिलो होतो. घोरता म्हणून सांगतलं. रुबिना म्हणे त्याची गोळी नाई निघाली अजून." माझ्याजवळ इतकं मोकळं ती कधी हसली होती का, मला आठवत नाही. मी आठवून पाहिलं. सहा वर्षं मिळाली, ही त्या फोनची. माझ्यामुळे एक वर्ष गेलं, ते कुठून भरून येत नाही. ह्यावर मी तिच्याशी कधी बोललो नाही. तीही नाही. दोन-तीनदा तोंडापर्यंत आलं होतं... राहिलं.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तिला माती दिली. पोरी आल्या, जावई आले, पंचशील झालं, लोक गेले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचा जनार्दन आणि त्याची बायको वच्छलाबाई चहाची किटली घेऊन आले. जनार्दन जिनिंगमध्ये माझ्या जोडीनं गाठ उचलायचा. पोरी आत झोपल्या होत्या. वच्छलाबाई ओटा चढली ती गुडघ्यावर हात दाबून, दातावर दात धरून. मी ते पाहिलं. म्हटलं, "वहिनी, गुडघ्याले काय घेता?"

जनार्दन म्हणाला, "काही नाई घेत. म्हातारपण हाय, होतेच."

"जन्या, तुले नाई इचारलं."

वच्छलाबाईनं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि पदराच्या गाठीतून पेपरचा तुकडा काढला. आत दोन पिवळ्या गोळ्या होत्या. "बीपी बी हाय मले," ती म्हणाली. "यायले नाई सांगतलं."

मी फोन लावला. रुबिनानं उचलला. "बोला बाबा. आजी कशी हाय?" तिला कोणी कळवलंच नव्हतं. मी म्हटलं, "आजी परवा गेली." श्वास घेतल्याचा आवाज आला फक्त. मी म्हटलं, "ताई, ते मंग बोलू. हे एक बाई बसली हाय, तिच्याशी बोल आता." आणि फोन वच्छलाबाईच्या हातात दिला. तिनं उलटा धरला, तो सरळ करून दिला. आवाज मोठा करायचं बटण दाबलं नाही.

जनार्दन ऐकायला जवळ सरकला. मी त्याला दंडाला धरून उठवलं आणि रस्त्यावर आणलं.

"काहून? माही बायको हाय, मी ऐकू नाई?"

"नाई."

"अन ते काही भलतंच सांगीन तर?"

"सांगू दे."

आम्ही दोघं रस्त्यावर उभे राहिलो. चहा ओट्यावरच राहिला होता. बऱ्याच वेळानं जनार्दन म्हणाला, "अजून बोलूनच राहिली." ओट्यावरून वच्छलाबाईचा आवाज येत होता.