मागच्या खिडकीतला चहा

लढाईची सगळी वर्षं रहिमतपुरात स्टँडजवळच्या हॉटेलात सकाळचा पेपर मी मोठ्याने वाचत असे. हॉटेल म्हणजे दोन-तीन बाकं, एक भट्टी आणि दाराशेजारी एक खुर्ची. खुर्ची माझी. मी शाळामास्तर. भरतीच्या डॉक्टरने माझा चष्मा पाहूनच मला घरी पाठवलं होतं. पण जर्मन कुठवर आले, हे गावाला माझ्याच तोंडून कळे.

जर्मन स्वतःला श्रेष्ठ वंशाचे समजतात. ते समजावून द्यायला मी सांगलीच्या वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यात कवट्यांची आणि नाकांची चित्रं होती.

"वंश म्हंजे जातच न्हवं का, मास्तर?" मालकाने भट्टीवरून विचारलं.

"जात वेगळी, वंश वेगळा."

"त्यो कसा?"

मी सांगू लागलो. सांगून झालं तेव्हा हॉटेलात मालक आणि मी एवढेच उरलो होतो, आणि मालकही दूध उतू जाईल म्हणून थांबला होता.

शेहेचाळीस साली माझा शाळेतला मित्र फौजेतून परत आला. इटलीत लॉरी चालवून नाईक झाला होता. पहिल्याच सकाळी तो माझ्या खुर्चीत बसला. ती कुणाची हे त्याला ठाऊक नव्हतं. बाकीच्यांना होतं, आणि तेच त्याच्याभोवती बाकं ओढून बसले.

"थंडी लय," त्याने सुरुवात केली. "कँटीनला च्या प्यायला गेलो. गोरा सार्जंट दारात आडवा. म्हनला, काळ्यांनी आत यायचं न्हाई, तुमच्यासाटी मागची खिडकी हाय. बर्फात हुबं ऱ्हाऊन च्या प्यालो, गड्या."

"मानसाला मानूस समजत न्हाईत ही लोकं!" मालक कडाडला. त्याच संतापात त्याने बाहेरच्या कोनाड्यातल्या, कान तुटलेल्या कपात वरून चहा सोडला. महारवाड्यातल्या लोकांसाठी तो कप होता. प्यायचा, आपला आपण धुवायचा, परत कोनाड्यात ठेवायचा. कितीही राग आला तरी मालकाची धार चुकत नसे.

मी मात्र जळत होतो. मी वंशावर अख्खं पुस्तक वाचलं आणि माणसं उठून गेली. याला एका सार्जंटने हाकललं, तर बाकावर जागा पुरेना. माझा कुणा गोऱ्याने कधी साधा अपमानही केला नव्हता. आयुष्यात एकदाच कलेक्टरची मोटार जवळून गेली, आणि तिची धूळ माझ्यावर उडाली तशी शेजारच्या म्हशीवरही उडाली. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

गोष्ट रोज वाढत होती. आठवड्याने त्याने सार्जंटला इंग्रजीत उत्तर दिलं. पुढल्या आठवड्यात सार्जंटने मान खाली घातली. पेपर माझ्या मांडीवर घडी न मोडता पडून राही.

मग सत्कार ठरला. अध्यक्ष म्हणून ज्यांना बोलावलं त्यांना इंग्रज सरकारने पदवी दिली होती. गोऱ्यांचा निषेध करायचा म्हणून त्यांनी ती आमंत्रणात ठळक छापायला लावली. मानपत्र लिहायचं माझ्याकडे आलं, कारण अक्षर चांगलं. मी त्यात खिडकी घातली, पण कुणाला दिसू नये अशी घातली: 'पृष्ठभागीच्या गवाक्षातून चहापान करण्याचा प्रसंग'. कुणाला काही कळलं नाही, त्यामुळे टाळ्या दुप्पट पडल्या.

सत्कारानंतर सगळे हॉटेलात आले. मित्र हारासकट माझ्या खुर्चीत. तेवढ्यात बाहेर जुना फौजी कोट घातलेला एकजण आला. महारवाड्यातला. तोही लढाईत लॉरीवर होता. त्याने कोनाड्यातला कप विसळला आणि हसत हाक मारली, "आवं नाईक, येवढं सगळं सांगितलासा, आन् मी कुटं गेलो? खिडकीवर तुमच्या संगं मी न्हवतो व्हय?"

"व्हतास की," मित्र म्हणाला.

"आन् च्याचा पत्र्याचा मग येकच हुता. तुमी आदी प्यालासा, मग मी."

एकाच भांड्यातून! मालकाचा हात हवेतच राहिला. मला मनापासून आनंद झाला. आता हा 'न्हाई' म्हणेल आणि खोटा पडेल, नाहीतर 'व्हय' म्हणेल आणि गाव याला बाजूला बसवेल. खुर्ची दोन्हीकडून माझी.

मित्र उठला. "खोटं बोलू नगंस," तो म्हणाला. "आदी तू प्यालास. माजं हात गारठलं हुतं, त्यो पत्र्याचा मग तू धरलास, तवा कुटं माज्या घशाखाली च्या उतरला."

हार काढायचंही न सुचता तो बाहेर गेला आणि कोनाड्यापाशी उभा राहिला. मालकाने आतला एक कप पुढे केला.

"दुसरा कशाला?" मित्र म्हणाला. "हाय की ह्यो."

दुसऱ्या दिवसापासून त्याचा चहा बाहेरच. शिव्या देणारे शिव्या देत, पण गोष्टीची ओढ सुटत नव्हती. माणसं उंबऱ्यात उभी राहत, धड आत नाही, धड बाहेर नाही, आणि माना बाहेर काढून ऐकत. आता गोष्ट सांगणारे दोघं होते, एक चुकला की दुसरा दुरुस्त करी, आणि सार्जंटची मान काही पुन्हा खाली गेली नाही.

माझी खुर्ची मला परत मिळाली. मी पेपर उघडून पहिल्यापेक्षा मोठ्याने वाचू लागलो. बाहेर ते दोघं कशाला तरी पोट धरून हसत होते. कशाला, ते माझ्याच आवाजात मला ऐकू येईना.