तोंडासाठी दोन तांबे

म्हशी घरी होत्या तोवर आमच्याकडे रोज वाटीभर साय निघायची आणि तिच्यातला एक चमचा माझ्या धाकट्या जावेचा असायचा. गावातल्या दूध सोसायटीच्या खिडकीवर ती दुधाची तपासणी करायची. संध्याकाळचं संकलन सुरू होण्याआधी, चारच्या सुमारास, ती साय चेहऱ्याला आणि मानेला चोळायची, उरलेली कोपरांना. मग दहा मिनिटं भिंतीला टेकून गप्प बसायची.

"म्हशीनं चारा खायचा अन् हिनं तोंडाला फासायचं," सासूबाई म्हणायच्या.

"आत्या, दिसभर लोकांच्या दुधाकडं बघते. दहा मिनिटं माझ्याकडं बघू द्या की."

मी त्याच सोसायटीची सचिव. आरशासमोर मी कुंकवापुरती उभी राहते. पण त्या दहा मिनिटांचा तिला काय उपयोग होता, ते मला खिडकीवर रोज दिसायचं. कुणी कॅन आपटून "डिग्री कमी कावून लागली?" म्हणून आवाज चढवला, की ती मान वर करून सरळ त्याच्याकडे बघायची. "पाणी कमी घाला, डिग्री वाढंल." रांग हसायची आणि बहुतेक वेळा तो माणूसही हसायचा.

मग लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. सोसायटीने चारा छावणी उघडली, आमच्या तिन्ही म्हशी तिकडे गेल्या आणि त्यांच्यासोबत दीरही. निघेल ते दूध छावणीतून थेट संकलनाला यायचं. घरी चहापुरतं उरायचं. मी वहीत बंद करायच्या गोष्टींची यादी केली आणि जेवताना वाचून दाखवली. विरजण बंद. पाहुण्यांना दूध बंद. साय बंद.

"बरं," जाऊ म्हणाली.

रोज भर दुपारी ती दिराचा डबा घेऊन छावणीवर चालत जायची. महिन्याभरात चेहरा काळवंडला, गालांवर कोरडे चट्टे उठले. छावणीतल्या कुणा बाईने तिला एक मलम सांगितलं. "अक्का, तुमी बीडला जाताच तर तेवढं आणा." मी यादीत लिहिलं: रजिस्टर, टेस्टिंगच्या नळ्या, मलम. दुकानदाराने डॉक्टरची चिठ्ठी मागितली नाही. मी पेंडीच्या पोत्यावरचा मजकूरसुद्धा दोन्ही बाजूंनी वाचणारी बाई. ती डबी मात्र मी न वाचता पिशवीत टाकली.

पंधरा दिवसांत ती उजळली. खिडकीवर दूध घालायला आलेल्या बायका विचारायला लागल्या, "काय लावती गं? आमाला बी सांग की." पुढच्या महिन्यात माझ्या यादीत तिच्याशिवाय नऊ घरं होती. नावापुढे खूण करत, एकही घर न चुकवता, मी चार महिने ते मलम पोचवलं.

पाचव्या महिन्यात तिचा चेहरा लाल झाला. उन्हात मिरची लावल्यासारखी आग व्हायची. पुरळ उठलं, हनुवटीवर लव वाढली. दोन दिवस मलम सोडलं की जास्त पेटायचं, म्हणून ती पुन्हा लावायची. शेवटी मी तिला बीडला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी डबी उलटीपालटी करून पाहिली. "हे खाजेवर चार दिवस लावायचं स्टेरॉइडचं औषध आहे. चेहऱ्याची कातडी पातळ झालीय. कुणी दिलं हे?"

"मीच आणलं," जाऊ पायाकडे बघत म्हणाली.

मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर होते. मी काही बोलले नाही.

डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मात्र मी आकडे घालून उतरवून घेतलं. त्यांच्या औषधाशिवाय तोंडाला काही लावायचं नाही. ऊन टाळायचं. गोड्या पाण्याने दिवसातून चार वेळा चेहरा धुवायचा. वर्षभर धीर धरायचा. परतताना नेकनूरच्या एसटीत मी ती यादी काढली. डबा न्यायला दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे ऊन टळणार नव्हतं. आमच्या बोअरचं पाणी खारट, ते चेहऱ्याला झोंबायचं. गोडं पाणी टँकरचं, तिसऱ्या दिवशी घरटी दोन घागरी, तेही पिण्यापुरतं. वही मिटून मी मांडीवर ठेवली.

टँकरची यादी माझ्याच हातात होती. पुढच्या खेपेला आमच्या घरापुढे मी एक जादा ओळ लिहिली: तोंडासाठी दोन तांबे. यादी सोसायटीच्या भिंतीवर लागायची. बायकांनी ती वाचली.

"तोंडाला दोन तांबे? मंग आमची तोंडं काय म्हशीची हायेत?"

"म्हशीला छावणीत पाणी तरी हाय, बाई."

सगळ्या हसल्या. त्या नऊ घरांतली एक हसली नाही. पदर गालावरून बाजूला करत ती म्हणाली, "माझे बी दोन लिवा, अक्का. मला बी लई जळजळतंय." तिच्या मागून दुसरी म्हणाली, "माझे बी." दोघींचे गाल माझ्या जावेसारखेच झाले होते. टँकरवाला हॉर्न वाजवत होता. मी पेन काढलं आणि आमच्या घरापुढची ओळ खोडली.

त्यानंतर आमच्याच पिण्याच्या पाण्यातून मी दोन तांबे बाजूला काढून ठेवायचे. जाऊ ते परत माठात ओतायची. "आत्याला तहान लई लागती, अक्का."

मी नऊही घरं फिरले. तिघी माझ्याबरोबर डॉक्टरांकडे आल्या. बाकीच्यांनी ऐकलं नाही. "तुमच्या जावेचं बिघडलं म्हणून आमी सोडायचं व्हय?" एकीने तर दुसऱ्या कुणाकडून मागवायला सुरुवात केली.

जाऊ फक्त डोळे दिसतील असा स्कार्फ बांधून खिडकीवर बसू लागली. कुणी आवाज चढवला की रजिस्टर त्याच्याकडे फिरवायची आणि आकड्यावर बोट ठेवायची. तिने एकदा मान वर करून कुणाशी तरी भांडावं, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी वहीत काय लिहावं, ते मला सुचत नव्हतं.

पुढच्या वर्षी पाऊसपाणी झालं, छावणी उठली, म्हशी घरी आल्या. घरचं दूध तापवल्यावर पहिल्याच दिवशी मी साय काढली आणि चार वाजता वाटी तिच्यासमोर ठेवली.

"तोंडाला चालत न्हाई, अक्का."

"ठावं हाय." मी तिथेच उभी राहिले. मग विचारलं, "डॉक्टरला 'मीच आणलं' असं कावून सांगितलं? मलम तर मी आणलं होतं."

"मागितलं मी होतं." तिने वाटी जवळ ओढली. "अन् तुमाला बोलायचं असतं तर तुमी बोलला असता."

तिने बाह्या वर केल्या आणि साय दोन्ही कोपरांना चोळली. दहा मिनिटं भिंतीला टेकून बसली. मग हात धुतले, स्कार्फ बांधला आणि आम्ही दोघी सोसायटीत गेलो.

खिडकीच्या कट्ट्यावर तिने टेकलेली कोपरं तुकतुकीत दिसत होती. तिसऱ्याच कॅनला एकाने आवाज चढवला, "डिग्री कमी कावून?" मी रजिस्टरमधून वर पाहिलं आणि थांबले. तिने रजिस्टर माझ्यासमोरून उचललं, त्याच्याकडे फिरवलं आणि आकड्यावर बोट ठेवलं.