पहिला घास

आमच्या जातीत पापाला शेवट होता. मी ख्रिस्ती घरात वाढले, तरी हे म्हणते, आणि म्हणताना मला राग येतो. पोंभुर्ण्याच्या बाजूला, तलावाकाठी आमची ढिवरांची, मासेमारांची, वस्ती. कुणाच्या हातून गाय मेली, कुणी परजातीत जेवला, की पंच त्याला वाळीत टाकत. मग त्याला ना कुणाकडून विस्तव मिळे ना पाणी. शेवटी तो एक दिवस साऱ्या जातीला जेवण घाली. पत्रावळी वाढून झाल्या तरी सगळे हात आवरून बसत आणि मोठा पंच पहिला घास घेई. त्या घासाबरोबर त्या माणसाचं पाप पंचाच्या पोटात जातं, अशी समजूत होती. पंचानं घास गिळला की बाकीचे जेवायला लागत आणि तो माणूस मोकळा होई. आमचा पंच चांगला धडधाकट होता. माय म्हणायची, "गावभराचं पाप खाऊन बसला, अन् ढेकर कसा देते पाहा."

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा बा ख्रिस्ती झाला. त्याआधी तो मोहाची दारू प्यायचा आणि हाताला लागेल त्यानं मायला मारायचा. आठवडी बाजारात मिशनच्या पाळकसाहेबांनी त्याला काय सांगितलं ते मला माहीत नाही. त्यांनी त्याला आमच्याच तलावात बाप्तिस्मा दिला आणि पाण्यातून वर आलेला माणूस खरोखर दुसरा होता. दारू सुटली. मारणं सुटलं. नव्या जन्माबद्दल लोक पुस्तकात वाचतात, आम्ही तो घरात पाहिला. माय स्वतः बाप्तिस्म्याला तयार नव्हती, पण शेजारणीला हळूच सांगायची, "पयल्या नवऱ्यापेक्षा हा दुसरा बरा हाय." अर्थात शेजारीण पुढं बोलायची बंद झाली, कारण जातीनं आम्हालाही वाळीत टाकलं. तलावाच्या मासळीतला बाचा वाटा गेला. तो जंगलात लाकूडतोडीच्या मजुरीला जाऊ लागला आणि जाताना भजनं म्हणू लागला. त्याचा आवाज भसाडा होता. ती दोन-तीन वर्षं मी माझ्या बापाला सुखी पाहिलं.

मग एका पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाला ताप आला. नाल्याला पूर होता, चांद्याच्या दवाखान्याची वाट बंद होती. पाळकसाहेब नाल्याच्या अलीकडेच राहत. ते रोज येऊन प्रार्थना करून जात. ताप उतरेना, तेव्हा एका दुपारी बानं घरातला कोंबडा उचलला आणि तो तलावाच्या बांधावरच्या देवीकडे गेला. परत आला तेव्हा त्याच्या अंगठ्याला शेंदूर लागला होता. मायनं तो पाहिला आणि भावाच्या कपाळावरची ओली पट्टी बदलली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ गेला.

त्या रविवारी प्रार्थनेच्या खोलीत बा उठून उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. कोंबडा, देवी, शेंदूर. मग म्हणाला, "दंड सांगा, साहेब."

पाळकसाहेब नगरकडचे, हळू बोलणारे. म्हणाले, "दंड नाही, भाऊ. तुम्ही पश्चात्ताप केलात, क्षमा झाली. तुमचा दंड प्रभूनं भरला आहे."

"तो तं बाप्तिस्म्याच्या आधीच्या पापाचा. हे मंग केलं मी."

"आधीचा भरला आणि नंतरचाही भरला. यालाच कृपा म्हणतात."

"माहा पोरगा गेला, अन् मले काईच भराचं नाई?"

पाळकसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ते चांगले गृहस्थ होते, आणि त्यांचं बोलणं खरं होतं असं मी आजही मानते. पण त्या दिवशी त्यांनी बाला थोडी लाकडं फोडायला लावली असती तर बरं झालं असतं. फुकट मिळालेली क्षमा त्याच्या गळी उतरेना. मुलगा गेल्यावर आपल्याकडून कुणी काहीच मागत नाही, हे त्याला सहन होत नव्हतं.

म्हणून त्यानं जेवण घालायचं ठरवलं. घरात एक बोकड होता, तो कापला. माय चुलीपाशी बसून धुसफुसत होती, तरी मसाला तिनंच वाटला. बानं गावातल्या इतर दोन ख्रिस्ती घरांना बोलावलं आणि पाळकसाहेबांना हात जोडून सांगितलं, "पयला घास तुमी घ्या." पाळकसाहेबांचा चेहरा पडला. "तुमच्या घरी मी कधीही जेवेन, भाऊ. पण हे जेवण मी जेवलो, तर प्रभूनं दंड भरला नाही असं म्हटल्यासारखं होईल." ते आले नाहीत, म्हणून ती दोन घरंही आली नाहीत.

मग बा जुन्या पंचाकडे गेला. मी मागोमाग गेले होते. पंच खाटेवर बसून जाळं विणत होता. म्हणाला, "जातीत वापस ये, मंग घेतो घास. तुह्या नव्या देवाचं पाप माह्या पोटात पचाचं नाई." बा जातीत परत जायला तयार नव्हता. त्याचा येशूवर विश्वास होता. आम्हाला छळणारी गोष्ट तीच होती.

घरी आलो तेव्हा अंगणात पळसाच्या पत्रावळी वाढलेल्या होत्या. भात निवत चालला होता. बा भिंतीला टेकून बसला आणि समोर पाहत राहिला. मी दहा वर्षांची होते, अडाणी नव्हते. कुणीतरी खाल्लं की संपेल, एवढं मला कळत होतं. भूकही लागली होती, ते नाकारत नाही. मी पंचाच्या जागेवर मांडी घालून बसले आणि घास घेतला.

बा ओरडला नाही. तो धावत आला, माझा जबडा धरला आणि दोन बोटं माझ्या घशापर्यंत घातली. मी गिळलं होतं. त्यानं मला मिठाचं पाणी पाजलं, उलटी करवली, पुन्हा पाजलं. माय त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत म्हणत होती, "सोड तिले, मरन ते." त्यानं उलटीत हात घालून पाहिलं. मग तो रडायला लागला. भाऊ गेला तेव्हा तो असा रडला नव्हता.

त्यानंतर माझं डोकं दुखलं तरी तो रात्रभर जागायचा. प्रार्थनेनंतर प्रभुभोजनाच्या भाकरीची थाळी समोर आली की न घेता पुढं द्यायचा. पाळकसाहेबांनी पुष्कळ समजावलं, मग त्यांची बदली झाली. मला त्यांनी जाण्यापूर्वी चांद्याच्या बोर्डिंगात घातलं होतं. बा मला भेटायला यायचा तो आधी बोर्डिंगच्या बाईंना विचारायचा, पोरगी आजारी तं नाई.

पंधराव्या वर्षी चांद्यालाच माझा बाप्तिस्मा झाला आणि पुढच्या रविवारी मी पहिल्यांदा प्रभुभोजन घेतलं. बा मागच्या बाकावर दाराजवळ बसला होता. भाकरीचा तुकडा तोंडात घालताना मी त्याच्याकडे पाहिलं. दुसऱ्याचं पाप कुणीतरी आपल्या अंगावर घेतलं, म्हणून आपण मोकळे, हे सांगणारी ती भाकर. ती त्याला समजेल असं मला वाटलं होतं. साऱ्या मंडळीत त्याच्याइतकं ते कुणाला समजलं असतं? तो अर्धवट उठून उभा होता. त्याचा उजवा हात पुढं आला होता, दोन बोटं तशीच. मी तुकडा गिळला तेव्हा तो खाली बसला.

बाहेर आल्यावर त्यानं मला नीट न्याहाळलं. "पोटात काई होत तं नाई?"

"नाई, बा."

"लगेच नाई होत," तो म्हणाला, आणि गावाकडची मोटार गाठायला निघाला.