घागर उचला

परिचारिका म्हणजे भूतलावर अवतरलेली साक्षात करुणा होय, असे आमच्या दवाखान्याच्या कमिटीचे अध्यक्ष प्रत्येक समारंभात सांगत. आमच्या नर्सबाईंपर्यंत ही बातमी पोहोचली नव्हती. रोगी दिसला की त्यांच्या कपाळावर आठी उठे. माणूस मुद्दाम, केवळ आपल्याला छळण्यासाठी आजारी पडतो, अशी त्यांची पक्की समजूत होती. एखादा म्हातारा कण्हत कट्ट्यावर टेकला की पहिला प्रश्न, "आबा, काल का न्हाय आला? काल जरा तरी उसंत व्हती." आणि जो काल आलेला असे त्याला, "येवढी घाई कसली झाली व्हती तुमाला?"

इंदापूर आणि बारामतीच्या मधल्या रस्त्यावर आमचे गाव. कालव्याचे पाणी आले, ऊस उभा राहिला, उसामागून डास आले आणि डासांमागून हिवताप. मग प्रतिष्ठितांनी वर्गणी काढून दवाखाना बांधला. पुढे दगडी कमान, कमानीवर देणगीदारांची नावे, नावांवर चुन्यातले कमळ. खाटा मांडून झाल्यावर ध्यानात आले की पाण्याची सोय राहिलीच. विहीर माळाच्या पार उताराला. पाणक्या ठेवण्याचा विषय दर बैठकीत निघे आणि चहा आला की मागे पडे. डॉक्टर अधूनमधून बारामतीहून येत. उरलेला सगळा दवाखाना म्हणजे नर्सबाई. जखमा त्यांनी धुवायच्या, बाळंतपणे त्यांनी करायची, पट्ट्या उकळून दोरीवर त्यांनीच वाळत घालायच्या आणि त्या पट्ट्या शेळ्यांच्या तोंडातून ओढूनही त्यांनीच काढायच्या. एवढे झाल्यावर वेळ उरलाच, तर करुणा.

पाण्यावर त्यांनी स्वतःच एक तोड काढली होती. रोग्याला भेटायला येणाऱ्याने आधी विहिरीवरून घागर भरून आणायची, मग भेटायचे. "भेटायला आलात? घागर उचला." यातून कोणी सुटत नसे. मी हिवतापाने तिथे पडलो होतो तेव्हा आमचे हेडमास्तर कोट, उपरणे, पगडी अशा थाटात समाचाराला आले. बाईंनी घागर पुढे केली. ते खाकरून म्हणाले, "मी हेडमास्तर आहे." बाई म्हणाल्या, "मग दोन घ्या." हेडमास्तरांनी दोन आणल्या. पुन्हा काही ते समाचाराला आले नाहीत. मला थंडी भरून दातावर दात वाजू लागले की माझ्या अंगावर घोंगडे टाकत बाई ओरडत, "गुरुजी, खाट हलवू नका! शेजारच्याला टाकं घातल्यात!" मला फार राग येई. मग मी त्यांना सकाळपासून रात्रीपर्यंत नुसते पाहत राहिलो, आणि माझा राग हळूहळू दुसरीकडे वळला.

तो वळायला एक समारंभ कारण झाला. पुण्याचे कोणी मोठे साहेब दवाखाना पाहायला येणार होते. कमिटीला हुरूप आला. कमानीला आंब्याचे डहाळे लागले, वाजंत्री आली, आणि दवाखाना टापटीप दिसावा म्हणून रोग्यांच्या नातेवाइकांना सकाळीच फाटकाबाहेर काढण्यात आले. त्याच दिवशी सुप्याकडची एक धनगरीण तापाने फणफणत खाटेवर पडली होती. ओली बाळंतीण; शुद्ध जात होती, येत होती. बाई तिच्या अंगावर ओल्या फडक्यांच्या घड्या बदलत होत्या आणि तोंडाचा पट्टा चालू होता. "मरायला माझाच दवाखाना गावला व्हय गं तुला? डोळं उघड. माझ्याकडं बघ. पोराला काय मी पाजू?" घड्या घालता घालता बादली संपली. बाई पडवीतल्या पिंपाकडे गेल्या. पिंप कोरडे ठणठणीत. साहेबांच्या मोटारीची धूळ उडू नये म्हणून कमिटीच्या माणसांनी सगळे पाणी अंगणात शिंपडून टाकले होते.

तेवढ्यात मोटार आली. वाजंत्री सुरू झाली. बाई घागर घेऊन तडक बाहेर गेल्या आणि ती अध्यक्षांच्या हातात देऊन म्हणाल्या, "पाणी आणा."

अध्यक्षांना आयुष्यात कोणी रिकामे भांडे दिले नव्हते. त्यांच्या हाती आले की ते मंगलकलशच असायचे. हाही स्वागताचाच एक विधी, असे त्यांना वाटले. त्यांनी घागर कपाळाला लावली. भटजींनी पुढे होऊन तिला कुंकवाची बोटे ओढली. साहेबांसाठी आणलेल्या हारांपैकी एक तिच्या गळ्यात पडला. साहेबांनी टोपी काढली. आणि अध्यक्षांनी ती रिकामी घागर पोटाशी धरून, जलदान आणि करुणा या विषयावर भाषण सुरू केले.

बाईंनी क्षणभर पाहिले. मग दुसरी घागर उचलून त्या माळ उतरू लागल्या. फाटकाबाहेर ताटकळत बसलेला धनगर धावला. "बाई, मी आनतो, तुमी तिच्यापाशी ऱ्हावा!" घागर त्याच्याकडे फेकून बाई माघारी वळल्या. भाषण चालू असताना तो धनगर व्यासपीठामागून भिजत, धापा टाकत खेपा घालत होता. त्याच्याकडे पाहून अध्यक्षांनी आवाज चढवला. पाणी सांडण्याचा व्यत्यय येत होता. खिडकीलगतच्या खाटेवरून मी हे सारे पाहिले, आणि माझ्या अंगात जी आग उठली तिला क्विनाइन लागू पडण्यासारखे नव्हते.

दिवस कलता धनगरणीचा ताप उतरला. तिच्या कपाळावर हात ठेवून बाई तापाला म्हणाल्या, "सकाळीच उतरला असतास तर काय बिघडलं असतं मेल्या?" आणि तिथेच खाली बसून त्यांनी पदरात तोंड लपवले.

उद्धटपणाबद्दल बाईंना काढून टाकण्यात आले. नव्या बाई आल्या त्या मधाळ बोलणाऱ्या. रोग्यांना बाळ म्हणत, आजी म्हणत. अध्यक्ष जो भेटेल त्याला सांगत, "पाहिलंत? या कामाला मुळात स्वभाव लागतो."

पुढे उन्हाळ्यात मी बारामतीला एका स्नेह्याला पाहायला दवाखान्यात गेलो. एक बाई खाटेवर बसून एका म्हातारीचे केस विंचरत होत्या, आणि हळू आवाजात तिला काही सांगत होत्या. म्हातारी हसत होती. मी पुढे निघून गेलो.

"गुरुजी, वळख न्हाय का?"

त्याच होत्या. माझा चेहरा वाचून त्या जरा लाजल्या. "हितं नळ हाय, गुरुजी," त्या म्हणाल्या. "आन् माझ्या जोडीला आनखी एक बाई हाय." निघताना धनगरणीचे पोर कसे आहे ते त्यांनी विचारले, आणि एक निरोप दिला. "नव्या बाईंना म्हणावं, पिंपाला कुलूप घाला."

गावी परतल्यावर मी निरोप सांगायला दवाखान्यात गेलो. त्या मधाळ बाई पडवीत उभ्या होत्या, एका हाताने शेळीच्या तोंडातली पट्टी ओढत. मी म्हणालो, "बारामतीच्या बाईंनी निरोप दिलाय."

"निरोप मागनं," त्या खेकसल्या. "आधी घागर उचला."

मी उचलली. अजून तिच्यावर थोडे कुंकू होते.