नदीकडची बाजू

मुरलीधर झोपेत गेल्याचा निरोप भाजीच्या टेम्पोवाल्याने आणला. मी त्याच्या मळ्यावर पोहोचलो तेव्हा अंत्यविधी उरकला होता. त्याला आता महिना होत आला.

आमची ओळखही एका मृत्यूच्या बातमीतूनच झाली; मी तेव्हा नाशिकला बातमीदार होतो. सत्तरच्या दशकात कालव्याचे पाणी आले, नाशिकभोवती ऊस वाढला आणि पेठच्या डोंगरातले बिबटे नदीकाठाने त्या उसात उतरले. माद्या तिथेच व्यायच्या. वर्तमानपत्रे ‘भरकटलेला बिबट्या’ असे छापत. भरकटलेला त्यांत एकही नव्हता. ऊसतोड कडेकडून आत सरकते. शेवटचा तुकडा उरला की गावकरी काठ्या घेऊन त्याला चारही बाजूंनी वेढतात. आत कोंडलेले ससे बाहेर पडतात आणि मटण शिजते. मुरलीधरच्या उसाचा शेवटचा तुकडा वेढला त्या दिवशी नदीकडे माणूस कमी पडला. मुरलीधरने धाकट्या भावाला, नामदेवला, तिकडे पाठवले.

“अण्णा, तिकडं लय चिखल हाय.”

“सशाला भेतो का रे? बायकोला सांगू का?”

माणसे हसत असतानाच ऊस हलला... ससा नव्हता. बिबट्याची मादी निघाली, सरळ नदीकडे. वाटेत नामदेव होता. तिने त्याचा गळा धरला. मुरलीधर कोयता घेऊन धावला, तेव्हा तिने वळून एका पंज्यात त्याचा डावा कान आणि गालाची कातडी उतरवली. मग काठ्या पडल्या. ती मेल्यावरही पडत राहिल्या. उसात दोन पिल्ले सापडली, ती दगडांनी ठेचली. नामदेव इस्पितळाच्या वाटेवरच गेला.

पुढे मुरलीधरने नदीकडची बाजू कधी अडवू दिली नाही. “वाघाला आवतण देतो का अण्णा?” असे लोक टोचत. तो एवढेच म्हणे, “तिला जायचं व्हतं. मधी मी माझा भाऊ उभा केला.”

ऐंशीच्या दशकात बिबटे शहराच्या वस्तीत दिसू लागले. इंदिरानगरच्या एका अर्धवट बांधलेल्या बंगल्यात एक शिरला, तेव्हा मुरलीधर शेजारच्या गल्लीत मेथी विकत होता. गर्दीने बंगला वेढला होता आणि दगड चालू होते. तो ओरडला, “नाल्याची बाजू सोडा!”

“ए बाबा, तू भाजी विक!”

त्याने डोक्याचा मफलर सोडला. डाव्या कानाच्या जागचे भोक आणि ओढलेला गाल पाहून पुढची माणसे मागे सरली. उरलेल्यांना त्याने ढकलले. रक्ताळलेला बिबट्या त्या फटीतून सुटला, जाताना एकाची मांडी फाडून गेला. मग गर्दी मुरलीधरवर तुटून पडली. बिबट्यासाठी आणलेल्या काठ्यांनी त्याचे गळ्याचे हाड मोडले.

इस्पितळात त्याने मला एकच विचारले. “कोणी मेलं का?”

“नाही.”

“मंग झालं.”

परवा मळ्यावर गेलो. वहिनी, म्हणजे मुरलीधरची बायको, त्याच्या रिकाम्या खाटेच्या उजव्या अंगाला, अंधारात, शेपू निवडत बसल्या होत्या. खिडकीचा उजेड डावीकडे होता. तिकडे बसा, असे मी म्हटले.

“तिकडून त्यांना ऐकायला येत नाय,” त्या म्हणाल्या, आणि निवडत राहिल्या.